छत्री बघून वाळत घातलेले बोंबील

वेधशाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नात सुखाने जेवता येत नाही. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ विचारतात, "काय मॅडम, यंदा पाऊस कसा?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हसत सांगतात, "तुम्ही पडणार म्हणालात की आम्ही छत्री घरी ठेवतो, हा!" हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की पुढे पुढे समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच तो येतोय हे मला आधी कळायला लागलं. तो अंदाज माझा एकदाही चुकला नाही.

बाकीचे अंदाजही लोक समजतात तेवढे चुकत नव्हते, हे मी आज निवृत्तीनंतरही छातीठोकपणे सांगते. आमचं काम नेमकं काय आणि आभाळ अचानक का कोसळतं, हे एकदा लिहायचंच होतं. पण ते सांगायचं तर केबिन रोडवरचे हसमुखभाई आणि पालीची फिलोमिना यांच्याशिवाय सांगता येणार नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो. खाडीचं पाणी मचूळ, वीज लहरी, पण घर दोन खोल्यांचं आणि संडास घरात. ऑफिस मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला. मी सकाळी केबिन रोडवरून स्टेशनकडे निघायची तेव्हा दुकानांची शटरं वर जात असायची. ह्या बाई वेधशाळेत आहेत ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण वर्षभरात अख्ख्या रस्त्याला ठाऊक झालं. आणि मग एक गंमत सुरू झाली. रेडिओवर आम्ही दिलेल्या सरकारी अंदाजावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. पण मी सकाळी हातात छत्री घेऊन निघाले की नाही, यावर मात्र सगळ्यांचा होता. छत्री दिसली की इस्त्रीवाला कपडे आत घ्यायचा, फरसाणवाला ताडपत्री सोडायचा. नाही दिसली की सगळे निवांत.

"अरे, हेच मी रेडिओवर सांगते," मी एकदा चिडून म्हटलं.

"रेडिओ पे तो सबके लिए बोलते हो," हसमुखभाई म्हणाले. "छत्री तो अपने लिए लेते हो ना?"

हसमुखभाईंचं किराणा मालाचं दुकान होतं, आणि दुकानात काळा फोन. आमच्या दोन-तीन बिल्डिंगांचे निरोप त्याच फोनवर यायचे. माणूस देवभोळा, कांदा-लसूणही न खाणारा. त्यांचं आयुष्यात एकाच व्यक्तीशी हाडवैर होतं, ती म्हणजे फिलोमिना. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेल्या पाली गावातून ती सकाळच्या बसने यायची आणि नेमकी त्यांच्या दुकानासमोर टोपली टेकायची. हे उदबत्ती लावायचे, ती पदराने वास उडवून लावायची.

"ए बाई, उधर, उधर जाके बैठ!"

"रस्ता काय तुज्या बापाचा हाय, शेठ?"

रोज एवढं झालं की ती चार हात पलीकडे सरकायची आणि दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

फिलोमिनाकडून मी मासळी घ्यायची. मला ती 'बाय' म्हणायची आणि इतर गिऱ्हाइकांपेक्षा भाव थोडा जास्त सांगायची, कारण मी घासाघीस करत नाही हे तिने हेरलं होतं. पालीला, उत्तनला बांबूच्या उंच वलांड्या असतात. त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घालतात. कडक ऊन मिळालं की तो माल वर्षभर टिकतो. भिजला की संपला. अळ्या पडतात आणि मग खताशिवाय कशालाही उपयोग नाही.

त्या वर्षी फिलोमिनाच्या घरात पहिल्यांदाच एक गोष्ट घडली होती. तिच्या रीटाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी वाळलेल्या बोंबलांतून भरायची होती. व्यापारी न्यायला येण्याआधी साठवलेल्या मालाला एकदा शेवटचं ऊन दाखवावं लागतं, नाहीतर तो ओलसर म्हणून भाव पाडतो.

"एक चांगला दिस बगून सगला माल बाहेर काडायचा हाय," ती मला आठवडाभर सांगत होती. "तुजी छत्री घरी र्‍हाईल त्या दिशी काडतू."

मी हसले. ऑक्टोबर होता, पावसाने काढता पाय घेतला होता. उन्हाने कातडी सोलून निघत होती. छत्रीची एक काडी मोडली होती म्हणून मी ती दुरुस्तीला टाकली. छत्रीवाला हसमुखभाईंच्याच ओट्यावर बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळ्या हाताने निघाले. उशीर झाला होता. रस्त्यापलीकडून फिलोमिनाने हात उंच करून काहीतरी ओरडून सांगितलं, मीही हात हलवला आणि स्टेशनकडे पळाले.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल.

आभाळ फाटतं असं आपण म्हणतो. आभाळ फाटत नाही. फाटायला तिथे काही नसतंच. जोराच्या पावसाला तीन गोष्टी लागतात. भरपूर बाष्प, ते वर ढकलणारं काहीतरी, आणि वरची हवा थंड. खालची हवा गरम आणि दमट असेल, वरची थंड असेल, तर खालची एकदा उठली की थांबत नाही. वर जाताना बाष्पाचं पाणी होतं, त्यातून आणखी उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर. असा ढग तासाभरात एव्हरेस्टच्या दीडपट उंच होतो. आत वर जाणारा वारा इतका जोरदार की तो थेंबांना खाली पडूच देत नाही. जत्रेत कारंज्यावर चेंडू नाचतो ना, तसं टनावारी पाणी वरच्या वर तोललेलं असतं. मग भार पेलवेनासा होतो किंवा वाऱ्याचा दम संपतो, आणि सगळं एकदम खाली येतं. खाली येणारी गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि शेजारची गरम हवा वर ढकलते. म्हणजे एक ढग मरता मरता दुसऱ्याला जन्म देऊन जातो.

पावसाळ्यात हेच जरा वेगळ्या तऱ्हेने होतं. समुद्रावरून बाष्पाचा पुरवठा अखंड चालू असतो आणि ढगामागून ढग एकाच रेषेत येऊन एकाच गावावर रिकामे होतात. आग विझवताना माणसं रांगेने बादल्या पुढे देतात, शेवटची बादली मात्र नेहमी एकाच जागी ओतली जाते, तसं. ऑक्टोबरात रांग नसते. एखादाच ढग असतो, दोन-तीन कोसांच्या घेराचा, आणि तो कुणाच्या डोक्यावर फुटेल हे सकाळी सांगता येत नाही. म्हणून आम्ही 'तुरळक ठिकाणी' म्हणतो. दुपारी रडारवर ढग दिसला की मग सांगता येतं, पण तेव्हा हातात वेळ उरत नाही. ह्या धंद्यातलं दुःख काय ते एवढंच.

वरची हवा किती थंड हे कळायला आम्ही रोज फुगे सोडत असू. फुग्याला एक थर्मोकोलची पांढरी डबी, तिच्यात यंत्र. फुगा फार वर गेला की फुटतो आणि डबी छोट्या छत्रीला लटकत कुठेही उतरते. अशी एक डबी एकदा भाईंदरच्या मिठागरात उतरली. त्या काळात बॉम्बच्या धास्तीने लोक बेवारस डब्याला फार घाबरत. पोलीस आले, वाळूची पोती रचली, अर्धं मिठागर रिकामं केलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, छत्रीवाल्या मॅडमना बोलवा. रविवार होता. मी गाऊनवर ओढणी घेऊन गेले, वाळूच्या पोत्यांवरून चालत जाऊन ती डबी उचलली आणि पिशवीत घातली. हवालदार डोळे मिटून उभा होता. डबीवर 'हे निरुपद्रवी आहे' असं तीन भाषांत छापलेलं होतं, पण ते वाचायला जवळ जावं लागत होतं.

तर त्या ऑक्टोबरच्या दुपारी मी रडारच्या खोलीत होते. तिथे अंधार असतो आणि एका गोल काचेवर हिरवी रेघ फिरत असते. ढग असेल तिथे ठिपका उजळतो. काचेवर आम्ही खडूच्या पेन्सिलीने गावं मांडलेली असायची. ठाणे, डहाणू, अलिबाग. भाईंदर त्यात नव्हतं. मी स्वतःच एक बारीक टिंब काढलं होतं आणि कुणी पुसलं की परत काढत असे.

सह्याद्रीच्या बाजूने एक ठिपका सुटला होता. दुपारचा समुद्राचा दमट वारा आत येत होता, घाटाकडून पूर्वेचा वारा खाली येत होता, आणि दोघांची जिथे गाठ पडली तिथे ढग उठला होता. मी खोलीतल्या चाकाने रडारची छतावरची तबकडी वर वर उचलून पाहिलं. ढगाचं डोकं संपेचना. आणि तो पश्चिमेला सरकत होता, सरळ माझ्या टिंबाकडे. टिंबाच्या पुढे उत्तन, पाली आणि मग समुद्र.

मी इशारा लिहिला, साहेबांची सही घेतली, तो ठाण्याच्या आणि मुंबईच्या नियंत्रण कक्षाला गेला. काम चोख झालं. आता घरी जाताना भिजणार, म्हणून सवयीने खुर्चीमागे छत्रीला हात घातला. छत्री नव्हती. आणि त्या क्षणी फिलोमिनाचा उंच झालेला हात मला आठवला. तिने काय सांगितलं होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं, आता आलं. ती तशीच पालीला परतली असणार, आणि सगळा माल बाहेर होता.

नियंत्रण कक्षातून इशारा निघून पालीच्या वलांडीपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. पालीला चर्चजवळ एक फोनचं बूथ होतं, पाहुणे येणार असले की मी तिथे फोन करून सुरमई सांगून ठेवायची. तो नंबर लावला. लागेना. आमच्या ऑफिसचा नियम असा की अंदाज ठरलेल्या वाटेनेच बाहेर जातो, ओळखीपाळखीने नाही. साहेबांनी मला तिसऱ्यांदा नंबर फिरवताना पाहिलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसे.

मग मी हसमुखभाईंना फोन लावला. तो लागला.

"हसमुखभाई, मोठा पाऊस येतोय. आधी तुमच्याकडे, मग पालीला. फिलोमिनाचा सगळा माल उन्हात पडलाय. पालीचा नंबर देते, लागेपर्यंत फिरवत राहा. आणि तुमचंही जरा बघा."

"वो मच्छीवाली?" पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नंबर बोलो."

पुढचं मला दोघांकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं, हेच एक आश्चर्य.

हसमुखभाईंनी नंबर फिरवायला घेतला. एंगेज. परत. एंगेज. केबिन रोडवर एकाएकी गार वारा सुटला आणि भर दुपारी दिवे लावायची वेळ आली. मरणाऱ्या ढगाची ती गार हवा पावसाच्या पुढे धावते. गिऱ्हाइकं पळाली. हे नंबर फिरवत राहिले. अखेर पालीला कुणीतरी उचलला, पोरं धाडून फिलोमिनाला बोलावलं. ती धापा टाकत आली.

"माल अंदर लो, बारिश आ रहा है!"

"शेठ, तुमी? मस्करी करता काय? हितं ऊन बग कसला पडलाय!"

"मॅडम का फोन था!"

"बाय तं छत्री न घेता गेली. म्या सोत्ता बगितली ना!"

हसमुखभाईंनी वर पाहिलं. माझी छत्री त्यांच्याच दारातल्या खिळ्याला टांगलेली होती.

"अरे छत्री इधर है मेरे पास! काडी टूटी है, रिपेर में दिया है!"

पण तिच्यासमोर तापलेलं ऊन आणि वलांड्यांवर वर्षाची कमाई. रोज आपल्याला हाकलणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून ती कशी उतरवायची? आणि तेवढ्यात केबिन रोडवर तो ढग फुटला. हसमुखभाईंनी आणखी वाद घातला नाही. दुकानापुढे पत्र्याची शेड होती. त्यांनी वायर पोचेल तेवढा हात लांब करून रिसीव्हर शेडखाली धरला.

"बाय, काय सांगू," फिलोमिना मला नंतर म्हणाली, "कानात समुद्र आला. म्या फोन तसाच टाकला आन पलाली."

अख्खी पाली पळाली. बायका, म्हातारे, होडीवरून नुकतेच उतरलेले पुरुष, चर्चमधले फादरसुद्धा. हाताला लागेल त्या चादरीत, टोपल्यांत, सायकलींवर बोंबील घरात आले. शेवटच्या वलांड्या राहिल्या त्या राहिल्या. नारळाची झावळी वाऱ्याने आडवी झाली आणि पाऊस तिथेही कोसळला. पण रीटाची फी आत होती.

इकडे हसमुखभाई रिसीव्हर बराच वेळ तसाच धरून होते; फोन जागेवर ठेवून वळले तेव्हा पाणी आलं होतं, आणि ते वरून आलं नव्हतं. खाडीला भरती होती, गटाराचं तोंड बंद झालेलं, त्यामुळे रस्त्याचं सगळं पाणी गटारातून उलटं दुकानात शिरलं. साखरेची खालची पोती घटकेत विरघळली. तांदूळ, डाळ, मैदा, दिवाळीसाठी भरलेला सगळा माल.

मी संध्याकाळी गुडघाभर चिखलातून आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. माझी छत्री मांडीवर.

"हसमुखभाई, तुमच्याकडे आधी येईल म्हणून सांगितलं होतं मी. आधी पोती का नाही उचललीत?" माझा आवाज चढला. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी ओरडते.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानेच पाहिलं.

"मेरा माल तो दुकान के अंदर था ना, मॅडम. उसका तो बाहर था."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने फिलोमिना आली, पण टोपली नव्हती. बरोबर पालीच्या दहा-बारा बायका, लुगडी खोचलेल्या, हातात घमेली आणि खराटे. त्या सरळ दुकानात शिरल्या. दुपारपर्यंत चिखल निघाला, फरशी घासली गेली, वाचलेली पोती विटांवर चढली. हसमुखभाई मध्ये मध्ये "चप्पल बाहर, चप्पल बाहर" म्हणत होते, पण कुणी चप्पल घातलेलीच नव्हती. शेवटी त्यांनी उदबत्ती लावली. फिलोमिनाने उदबत्तीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघंही हसली. मग चहा आला, आणि ती ओट्यावर बसून प्यायली.

आमच्या दप्तरात त्या दिवशी पाऊस नाही. ढगफुटी म्हणायला तासात दहा सेंटिमीटर पाऊस पडावा लागतो आणि तो मोजलेला असावा लागतो. भाईंदरला तेव्हा पर्जन्यमापक नव्हता. जवळच्या केंद्रावर एक थेंब पडला नव्हता. मी पर्जन्यमापकासाठी अर्ज केले, आठवण करून दिली, भांडले. माझ्या निवृत्तीपर्यंत तरी तो बसला नाही. याची खंत मला आजही आहे. हसमुखभाईंची साखर कशात विरघळली, हे सरकारला अजून ठाऊक नाही.

पण केबिन रोडवर नवी पद्धत पडली. सकाळी मी दुकानावरून जायच्या वेळेला फोन वाजायचा. पलीकडे पाली. हसमुखभाई रिसीव्हर उचलून, फिलोमिनाने शिकवलेल्या मराठीत, खणखणीत आवाजात एवढंच सांगायचे, "छत्री हाय!" किंवा "छत्री न्हाय!" मी दुरुस्तीला काही टाकलं तर तेही सांगायचे. रीटा नर्स झाली, एका मोठ्या इस्पितळात लागली. मी छत्र्या दोन घेतल्या, एक कायम जादाची.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. आमचे नवे साहेब 'यंदा पाऊस कसा' हा विनोद करायला विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही जायचं नव्हतं. भाजी आणायला म्हणून सकाळी नेहमीच्याच वेळेला मोकळ्या हाताने केबिन रोडवर आले. हसमुखभाईंच्या दुकानात फोन वाजला. त्यांनी मान बाहेर काढून माझे हात पाहिले आणि ओरडले, "छत्री न्हाय!"

तिकडे पालीला आता बोंबील वलांडीवर चढणार होते. मी रस्त्याच्या मधोमध थांबले, पूर्वेकडे वळले आणि सावकाश सगळं आभाळ बघून घेतलं. स्वच्छ होतं. नसतं, तर घरी जाऊन छत्री घेऊन आले असते.